भूशास्त्र की रसायनशास्त्र, मिरामार की दिल्ली: डिचोली तालुक्यातील एका विद्यार्थिनीच्या पदवी-निवडीचा अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२४ च्या प्रवेशहंगामातील आहे. विद्यार्थिनी डिचोली तालुक्याच्या खाणपट्ट्यातील एका गावची. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव, घरातील काही तपशील आणि गुणांचे नेमके आकडे वगळले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे. तिचे प्राथमिक शिक्षण गावातल्या मराठी शाळेत झाले आणि पाचवीपासून ती इंग्रजी माध्यमात गेली. बारावीला विज्ञान शाखेत तिच्याकडे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र असे चारही विषय होते. गोवा मंडळाचा बारावीचा निकाल २१ एप्रिल २०२४ रोजी लागला तेव्हा तिला ऐंशीच्या थोडे वर टक्के मिळाले. नव्वदीपलीकडच्या मुलांना काय करायचे ते बहुधा घरचे आधीच ठरवून ठेवतात आणि काठावरच्यांना जे मिळेल ते घ्यावे लागते. निवडीचा खरा पेच या मधल्या गुणांच्या मुलांपुढे असतो, आणि मार्गदर्शन नेमके त्यांच्याच वाट्याला कमी येते.

वडिलांचे दोन टिपर ट्रक खनिज वाहतुकीत होते. खाणीवरून माल भरायचा, मांडवीकाठच्या जेटीवर ओतायचा, पुढे बार्जमधून तो मुरगाव बंदराकडे जायचा, असा तो धंदा. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मध्यंतरी काही काळ सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. कर्जाचे हप्ते भरण्यासाठी एक ट्रक विकावा लागला. दुसरा आता खडी आणि चिरे वाहतो. घरात खाण या विषयावर कोणी सहज बोलत नाही, आणि पुढे जे घडले ते समजण्यासाठी हा संदर्भ आवश्यक आहे.

प्रश्न

विद्यार्थिनीला भूशास्त्र शिकायचे होते. त्यामागचे कारण तिने पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले: उघड्या खाणीचा खड्डा भूजलपातळीच्या खाली गेला की खाणीतले पाणी पंपाने उपसत राहावे लागते आणि आजूबाजूच्या विहिरींवर त्याचा परिणाम होतो, एवढे तिला गावात ऐकून ठाऊक होते, पण एकाच वाड्यावरची एक विहीर आटते आणि दुसरी का आटत नाही, याचे उत्तर तिला कोणी दिले नव्हते. आपल्या तालुक्याच्या नावाने एका शैलसमूहाला 'डिचोली फॉर्मेशन' म्हणतात आणि गोव्याचे बरेचसे लोहखनिज त्याच्यातील पट्टेदार खडकांशी निगडित आहे, हे तिने स्वतः शोधून वाचले होते. बारावीच्या वयात इतकी नेमकी जिज्ञासा क्वचित आढळते, म्हणून तिची नोंद येथे मुद्दाम केली आहे.

वडिलांचा विरोध तितकाच स्पष्ट होता. ज्या मातीपायी ट्रक विकावा लागला तिचेच शिक्षण घेऊन पोट कसे भरणार, असा त्यांचा सवाल. वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मामांचे मत होते की रसायनशास्त्र घेतले तर गोव्यातच नोकरी मिळेल. शाळेतील एका शिक्षिकेने दिल्ली विद्यापीठाचा विचार सुचवला होता आणि आईला तो मनापासून पटला होता. अशा रीतीने चार माणसे चार दिशांना ओढत असताना कुटुंब शैक्षणिक मार्गदर्शनासाठी माझ्याकडे आले ते एकच प्रश्न घेऊन: 'कुठले विद्यापीठ चांगले?'

हा प्रश्न बाजूला ठेवणे हे पहिले काम होते. गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये सुरू झाले. ताळगाव पठारावरच्या त्याच्या परिसरात मुख्यतः पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन चालते, तर पदवीचे शिक्षण संलग्न महाविद्यालयांत होते. प्रमाणपत्रावर नाव एकच असले, तरी कोणता मुख्य विषय कोठे मिळतो हे महाविद्यालयागणिक बदलते. रसायनशास्त्र अनेक ठिकाणी आहे. भूशास्त्र मिरामारचे धेंपे आणि मडगावचे चौगुले अशा मोजक्याच महाविद्यालयांत. दिल्ली विद्यापीठाची गोष्टही तशीच. पदवीच्या सुमारे ७० हजार जागा असलेल्या त्या अवाढव्य व्यवस्थेत भूशास्त्राची ऑनर्स पदवी हंसराज आणि राम लाल आनंद या महाविद्यालयांभोवतीच फिरते. म्हणजे प्रश्न तीन होते: विषय कोणता, तो शिकवणारा विभाग कोणता, आणि घरापासून किती दूर, किती पैशांत.

विचारात घेतलेले पर्याय

अभियांत्रिकीचा विषय एका बैठकीतच संपला, कारण तिला त्यात रस नव्हता आणि तिने त्यासाठी तयारीही केली नव्हती.

खांडोळ्याच्या सरकारी महाविद्यालयात रसायनशास्त्र हा सर्वात सोयीचा पर्याय होता. आमोणे-खांडोळे पूल ओलांडला की महाविद्यालय आले, शुल्क परवडणारे, आणि मामांचा युक्तिवादही पोकळ नव्हता: गोव्यातील औषध उद्योग गुणवत्ता तपासणीच्या कामासाठी रसायनशास्त्राचे पदवीधर घेतो आणि तीन वर्षांच्या पदवीवर नोकरी लागू शकते. भूशास्त्रात असे सहसा होत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ यांतील पदांसाठी केंद्रीय लोकसेवा आयोग जी संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा घेतो, तिला बसण्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते. म्हणजे भूशास्त्र निवडणे हा किमान पाच वर्षांचा निर्णय होता, आणि ही बाब तोपर्यंत घरात कोणीच मांडली नव्हती. ती मांडल्यावर वडिलांचा विरोध वाढेल अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात उलटे झाले. 'खाण' या शब्दापलीकडे त्यांना प्रथमच भूजल, सर्वेक्षण, सागरी संशोधन अशी कामे दिसली. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र त्यांनी रस्त्यावरून जाताना कितीदा पाहिले होते, पण तेथे भूशास्त्र शिकलेली माणसेही असतात हे त्यांना माहीत नव्हते.

मिरामारचा पर्याय विषयाच्या दृष्टीने नेमका बसत होता. अडचण प्रवासाची होती: गावातून डिचोली, डिचोलीहून कदंबच्या सरकारी बसने पणजी, पणजीहून पुन्हा मिरामारची बस. मडगावचा पर्याय 'फार लांब' म्हणून एका वाक्यात निकालात निघाला.

दिल्लीच्या बाजूने नाव होते, मोठा विभाग होता आणि आईची इच्छा होती. शाळेच्या शिक्षिकेने पुढाकार घेतल्यामुळे सामायिक विद्यापीठ प्रवेश परीक्षेचा, म्हणजे सीयूईटीचा अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच भरून झाला होता. त्या वर्षी जास्तीत जास्त सहा विषय घेता येत. तिने इंग्रजीबरोबर बारावीचे चारही विज्ञान विषय घेतले होते आणि ते योग्यच झाले, कारण दिल्ली विद्यापीठात ज्या अभ्यासक्रमाला जायचे त्याच्या अटीतले विषय परीक्षेत दिलेले नसतील तर नंतर काहीही करता येत नाही. विषय अजून निश्चित नसलेल्या मुलांनी अर्ज भरताना दारे उघडी ठेवावीत, एवढे तरी यावरून म्हणता येते.

नव्या रचनेतील मोकळीक आणि तिची मर्यादा

गोवा विद्यापीठाच्या महाविद्यालयांत २०२३-२४ पासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीची नवी रचना आली. तीन वर्षांत १२० श्रेयांक (क्रेडिट) पुरे केले की पदवी, चार वर्षांत १६० केले की ऑनर्स. मुख्य विषयाबरोबर एक गौण विषय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार दुसऱ्या सत्राच्या शेवटी, जागा असल्यास, मुख्य विषय बदलण्याचीही मुभा आहे. मामांचा रसायनशास्त्राचा आग्रह आणि तिची भूशास्त्राची ओढ यांचा मेळ येथे बसण्यासारखा होता: भूशास्त्र मुख्य, रसायनशास्त्र गौण, आणि वर्षभरानंतर फेरविचाराची एक संधी.

वडिलांनी विचारलेला एक प्रश्न मात्र कोणत्याही माहितीपत्रकात ठळकपणे नसतो: पैसे कमी पडून शिक्षण मध्येच थांबवावे लागले तर काय? आराखडा सांगतो की पहिल्या वर्षाच्या ४० श्रेयांकांनंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षाच्या ८० श्रेयांकांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. त्यासाठी उन्हाळ्यात ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम करावा लागतो, तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची असते. कागदावर ही सोय चांगली आहे. पण भूशास्त्रातील दोन वर्षांच्या पदविकेवर गोव्यात काय काम मिळेल, याचे समाधानकारक उत्तर मला देता आले नाही. म्हणून या वाटेचा हिशेब संकटकाळासाठी ठेवावा, तिच्यावर बेत रचू नये, असा सल्ला दिला.

निर्णयाचे टप्पे आणि केलेली कृती

मे महिन्यात विद्यार्थिनी आणि आई मिरामारला जाऊन विभाग पाहून आल्या. जाण्यापूर्वी तिने प्रश्न लिहून घेतले होते: वर्षातून क्षेत्रभेटी किती व कोठे होतात, त्यांचा खर्च कोणावर पडतो, खडकांचे पातळ छेद पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक पुरेसे आहेत का, आणि मागील तुकड्यांतील मुले पदवीनंतर कोठे गेली. शेवटच्या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरावर सर्वाधिक भर द्यावा असे मला वाटते, कारण विभागाची प्रतिष्ठा ऐकीव असू शकते, पण माजी विद्यार्थ्यांची वाटचाल तपासता येते. या भेटीनंतर विषयाचा प्रश्न मिटला.

खरा पेच वेळापत्रकाचा झाला. गोव्यातील महाविद्यालये जूनमध्ये सुरू होतात. त्या वर्षी सीयूईटीचा निकाल २८ जुलैला लागला आणि दिल्लीतील जागावाटप ऑगस्टमध्ये झाले. म्हणजे गोव्यात प्रवेश घेऊन, शुल्क भरून, दोन महिने वर्गात बसल्यानंतर दिल्लीचे उत्तर येणार होते. गोव्यात भरलेले शुल्क बुडेल ही वडिलांची भीती. ती अनाठायी होती, कारण त्या वर्षासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे धोरण असे होते की ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत मिळावे. ही माहिती वेळेवर मिळाल्यामुळे जूनमध्ये मिरामारला भूशास्त्र मुख्य व रसायनशास्त्र गौण असा प्रवेश निर्धास्तपणे घेता आला आणि दिल्लीच्या केंद्रीय जागावाटपासाठीची नोंदणीही कायम राहिली.

ऑगस्टमध्ये पसंतीक्रम भरताना मोठी चर्चा झाली. दिल्लीच्या पद्धतीत अभ्यासक्रम आणि महाविद्यालय यांची जोडी निवडायची असते, आणि यादी हवी तितकी लांब करता येते. नातेवाईकांपैकी एकाने सुचवले की नावाजलेल्या महाविद्यालयांतील जो मिळेल तो विज्ञानाचा अभ्यासक्रम भरून टाकावा, दिल्ली तर मिळेल. विद्यार्थिनीने भूशास्त्राच्या जोड्यांखेरीज काही भरले नाही. मला हा या प्रकरणातील सर्वात परिपक्व निर्णय वाटतो. वाटप झालेली जागा मुदतीत स्वीकारली नाही तर उमेदवार प्रक्रियेबाहेर जातो. तेव्हा नको असलेला अभ्यासक्रम यादीत घालणे म्हणजे पुढे दोन-तीन दिवसांच्या मुदतीत, घाईने, त्याच्यावर निर्णय घेण्याची पाळी स्वतःवर आणणे.

ऑगस्टअखेर तिला दिल्लीत भूशास्त्राची जागा मिळाली. घरात दोन रात्री वाद झाला. आई म्हणत होती, मुलीला एकदा गोव्याबाहेर पडू दे. वडिलांनी खर्चाचा कागद पुढे ठेवला: वसतिगृहाची खात्री नव्हती, खासगी खोलीचे भाडे आणि जेवण धरले तर वर्षाचा खर्च ट्रकच्या उत्पन्नातून भागण्यासारखा नव्हता. गोवा शासनाच्या शैक्षणिक विकास महामंडळाकडून मिळणाऱ्या बिनव्याजी कर्जाचा विषय निघाला, पण आधीच्या कर्जाची आठवण ताजी असलेल्या घरात 'कर्ज' हा शब्द फार काळ टिकला नाही. विद्यार्थिनीचे स्वतःचे म्हणणे वेगळे होते. पदव्युत्तर शिक्षण तर करायचेच आहे. एमएस्सीसाठी आयआयटींची जाम ही प्रवेश परीक्षा आहे, तिच्यात भूशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. मग बाहेर जाण्याची पायरी तीन वर्षांनी चढता येईल. दिल्लीची जागा सोडण्यात आली.

हा निर्णय समर्थनीय आहे, परंतु तो कसा घेतला गेला याबद्दल मी पूर्ण समाधानी नाही. मुदत संपायला एक दिवस उरला असताना दमलेल्या माणसांनी तो घेतला. खर्चाचा जो कागद ऑगस्टमध्ये निघाला, तो मार्चमध्येही तयार होऊ शकला असता.

निष्पत्ती

पहिले सत्र पावसात आणि बसमध्ये गेले. सकाळी लवकर निघून संध्याकाळी उशिरा घरी पोहोचायचे, आणि त्यातून खनिजशास्त्र व स्फटिकशास्त्राची नवी परिभाषा पचवायची. हजेरी काठावर आली, अंतर्गत चाचण्यांत गुण बेताचे पडले. प्रात्यक्षिकांत मात्र ती रमली. पहिल्या क्षेत्रभेटीनंतर तिची नोंदवही पाहिली, तेव्हा खडकांच्या थरांचा उतार आणि दिशा यांची मोजमापे तिने व्यवस्थित, दिवसागणिक लिहिलेली होती.

दुसऱ्या सत्राच्या शेवटी मुख्य विषय बदलण्याचा विचार पुन्हा पुढे आला. मामांच्या कंपनीत पदवीधरांची भरती होती आणि रसायनशास्त्रातले तिचे गुण भूशास्त्रापेक्षा चांगले होते. आकड्यांवरून निर्णय करायचा तर बदल करणे सोपे होते. तिने न बदलण्याचे ठरवले आणि कारण दिले ते असे की रसायनशास्त्रात गुण चांगले आहेत कारण ते ती चार वर्षांपूर्वीपासून शिकते आहे, भूशास्त्राला अजून वर्षही झालेले नाही. हा तर्क मला पटला. दुसऱ्या वर्षापासून ती आठवड्याचे दिवस ताळगावला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहते आणि शनिवारी घरी जाते. बसचे भाडे आणि वेळ यांचा हिशेब केला तर हा खर्च घरच्यांना वाटला होता त्यापेक्षा कमी निघाला. तिसऱ्या सत्रात गुण वर गेले. खडकांतील मूलद्रव्यांचे पृथक्करण शिकताना गौण रसायनशास्त्राचा तिला थेट उपयोग होतो आहे.

वडिलांचा विरोध मावळला असे म्हणता येणार नाही. सत्राच्या प्रकल्पासाठी गावातल्या विहिरींची पातळी मोजायला ते तिच्याबरोबर जातात, कोणत्या वर्षी कोणता खड्डा किती खोल गेला हे तिला सांगतात, आणि त्याच संध्याकाळी तिच्या चुलत भावाने कॉम्प्युटरचा कोर्स घेऊन कसे बरे केले याचाही विषय काढतात.

वेगळे काय करता आले असते

दिल्लीचा प्रश्न अर्ज भरण्याच्या वेळी पैशांच्या अंगाने सोडवायला हवा होता. त्या वेळी आई-वडिलांनी एकत्र बसून 'जागा मिळाली तर पाठवू, या रकमेपर्यंत' किंवा 'नाही पाठवणार' असे ठरवले असते, तर मुलीने चार महिने एका पर्यायाची आशा बाळगून शेवटी ती सोडण्याची वेळ आली नसती. दुसऱ्या बाजूने, कर्जाचा पर्याय न पाहता नाकारला गेला. बिनव्याजी कर्जाच्या अटी, परतफेडीचा काळ आणि हप्ता एका कागदावर मांडून मग नकार दिला असता तर तो अधिक ठाम झाला असता. कदाचित होकारही आला असता.

मडगाव फार झटपट वगळले गेले. प्रवासाच्या त्रासामुळे अखेर घराबाहेर राहावेच लागले. तसे राहायचेच होते तर मडगावची स्वायत्त महाविद्यालयाची बाजू, तेथील भूशास्त्र विभाग आणि राहण्याचा खर्च यांची मिरामारशी समोरासमोर तुलना व्हायला हवी होती. निष्कर्ष कदाचित तोच आला असता, कारण ताळगाव पठार आणि दोनापावला मिरामारच्या शेजारी आहेत.

मे महिन्यात विभाग पाहायला दोघी भाड्याच्या गाडीने गेल्या होत्या. जूनच्या पहिल्या पावसात, वर्गाच्या वेळेला, कदंबने एक फेरी केली असती तर खोलीचा विचार वर्षभर आधी सुरू झाला असता आणि पहिल्या सत्रातली हजेरी वाचली असती.

वडिलांना चर्चेत उशिरा आणले गेले. सुरुवातीच्या भेटी विद्यार्थिनी आणि आई यांच्याशीच झाल्या, कारण वडील विरोधात आहेत हे गृहीत होते. त्यांचा विरोध मुख्यतः अपुऱ्या माहितीवर उभा होता आणि संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेसारख्या ठोस गोष्टी ऐकल्यावर तो सैल झाला, हे पाहता पहिल्याच बैठकीला त्यांना बोलवायला हवे होते.

चौथ्या वर्षाचा प्रश्न अजून उघडा आहे. संशोधनासह ऑनर्स करायचे तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, आणि चार वर्षांची पदवी घेतल्यास पुढची एमएस्सी एका वर्षाची होऊ शकते. तीन वर्षांनंतर जामच्या वाटेने बाहेर पडायचे की चौथे वर्ष येथेच करून ताळगाव पठारावर जायचे, हे सहाव्या सत्राआधी ठरवावे लागेल. या वेळी खर्चाचा कागद तिने स्वतःच करायला घेतला आहे, आणि त्यात दिल्लीच्या भाड्याचाही एक रकाना आहे.